अँटीव्हायरस आहे, पण पहारा चालू आहे का? दुकानाच्या कॉम्प्युटरची सेटिंग तपासायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण विंडोज सिक्युरिटीची सेटिंग बघितली. पण व्हिडिओ बघत बघत सेटिंग बदलणं अवघड जातं. मध्येच थांबवा, मागे जा, बटण कुठे होतं ते शोधा. म्हणून तोच धडा इथे लिहून देतोय, थोडा जास्त खोलात. लेख मोबाइलवर उघडा आणि समोर दुकानाचा किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर चालू करून बसा. अर्धा तास पुरतो. विंडोज ११ धरून लिहिलंय, १० मध्येही नावं जवळपास तीच आहेत.

बॅचमध्ये मी विचारतो, "कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस आहे का?" सगळे हात वर. मग विचारतो, "त्याची सेटिंग शेवटची कधी उघडून बघितली?" हात खाली. आजचा धडा या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

आमच्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?

हा प्रश्न मला नेहमी येतो. स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर. ते स्क्रीनवर लाल कवटी दाखवत नाही, कॉम्प्युटर बंद पाडत नाही. उलट तुमचं काम सुरळीत चालू राहावं हीच त्याची गरज असते, कारण तुम्ही टाइप करत राहिलात तरच त्याला काही मिळणार.

आता तुमचा ब्राउझर आठवा. जीएसटी पोर्टलचा पासवर्ड त्यात सेव्ह आहे. नेट बँकिंगचा युजर आयडी आहे. ईमेल कायम उघडंच असतं. ऑनलाइन विक्रीचं सेलर खातं, इन्स्टाग्रामचं पेज, सगळं लॉगिन करून ठेवलेलं. हेर हेच उचलतो. पासवर्ड तर उचलतोच, पण लॉगिन झाल्यावर ब्राउझर जी खूण जपून ठेवतो, ती कुकी, तीही उचलतो. ती हातात आली की बऱ्याच ठिकाणी त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. यात सगळ्यात महत्त्वाचं खातं ईमेलचं. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंका तिथेच येतात ना!

आपल्या एका बॅचमधल्या ताईंचा मसाल्याचा व्यवसाय आहे. पाकिटावरचं लेबल घरीच करता यावं म्हणून त्यांनी ओळखीच्या एका मुलाकडून डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर फुकटात टाकून घेतलं. फुकटात म्हणजे क्रॅक केलेलं. टाकताना अँटीव्हायरस अडवत होता, तर त्या मुलाने दोन मिनिटांत "सेटिंग करून" दिली. काही आठवड्यांनी त्यांच्याच ईमेलवरून डीलरांना मेल गेला, की आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, यापुढे पेमेंट नव्या खात्यावर करावं. मेलमध्ये बिलाचा नंबर बरोबर, रक्कमही बरोबर. एका डीलरने फोन करून विचारलं म्हणून तो वाचला. दुसऱ्याने विचारलं नाही.

त्या मुलाने अँटीव्हायरस काढून टाकला नव्हता. तो जागेवर होता, हिरवी खूण दाखवत होता. नेमकं काय केलं होतं, ते पुढे येईलच.

पहिलं काम: पहारेकरी कोण आहे ते बघा

स्टार्टवर क्लिक करा, विंडोज सिक्युरिटी असं टाइप करा, उघडा. डाव्या बाजूला खाली सेटिंग्ज आहे. त्यात मॅनेज प्रोव्हायडर्स. इथे तुमच्या कॉम्प्युटरचं रक्षण कोणतं सॉफ्टवेअर करतंय ते नावानिशी दिसतं.

दोन शक्यता असतात. एक, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. हा विंडोजसोबतच येतो, वेगळे पैसे लागत नाहीत. दोन, तुम्ही विकत घेतलेला किंवा कॉम्प्युटरसोबत ट्रायल म्हणून आलेला दुसरा अँटीव्हायरस. दुसरा टाकला की डिफेंडर आपणहून मागे सरतो. गडबड होते ती इथे. ट्रायल संपून वर्ष झालेलं असतं, कोपऱ्यात "रिन्यू करा" अशी पट्टी रोज येते, आपण रोज ती बंद करतो, आणि डोक्यात मात्र "आपल्याकडे अँटीव्हायरस आहे" हेच पक्कं असतं. मुदत संपलेला असेल तर एक तर पैसे भरून नवा करा, नाहीतर सरळ अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि डिफेंडर जागा झालाय का ते याच पानावर बघा. दोन-दोन अँटीव्हायरस एकावर एक चालवायच्या भानगडीत पडू नका. कॉम्प्युटर रांगायला लागतो, संरक्षण दुप्पट होत नाही.

विकतचा घ्यावा का? माझं मत सांगतो. एक-दोन कॉम्प्युटरच्या धंद्याला डिफेंडर पुरेसा आहे, पण तो नीट लावलेला हवा. "विंडोजमधला फुकटचा काही कामाचा नाही" हे मत जुन्या दिवसांतलं आहे. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या डिसेंबरमध्ये जायंट नावाची कंपनी विकत घेतली, तिच्या अँटी-स्पायवेअरमधून विंडोज डिफेंडर तयार झाला, आणि व्हिस्टाच्या काळात तो खरोखरच फक्त स्पायवेअर बघायचा. विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटीव्हायरस आहे. तुम्ही पुण्याच्या क्विक हीलसारखं सॉफ्टवेअर आधीच घेतलं असेल तर तेच चालू ठेवा, हरकत नाही. तिथे मेनूंची नावं वेगळी असतील, पण खाली सांगितलेल्या गोष्टी त्यातही शोधायच्याच आहेत.

विंडोज १० वाल्यांसाठी एवढंच: त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती अजून मिळत राहील, पण खुद्द विंडोजमधली भोकं बुजवायचं काम वाढीव अपडेट योजना घेतल्याशिवाय होत नाही. कॉम्प्युटर बदलायचा विचार असेल तर तो पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

स्विच चालू आहेत का?

विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा. मधोमध व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन सेटिंग्ज आणि त्याखाली मॅनेज सेटिंग्ज. इथे स्विचची रांग दिसेल.

रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू हवं. फाइल उघडताक्षणी तपासणारा हाच. क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन चालू हवं, म्हणजे आज सकाळीच कुठेतरी सापडलेला प्रकार तुमच्याकडेही लवकर ओळखला जातो. ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशनबद्दल लोक घाबरतात, "आमची बिलं मायक्रोसॉफ्टला जातील का?" संशयास्पद फाइलचा नमुना जातो हे खरं, पण त्यात खाजगी माहिती असण्याची शक्यता दिसली तर आधी विचारलं जातं. मी चालू ठेवतो.

टॅम्पर प्रोटेक्शन मात्र नीट बघा. दुसरं एखादं सॉफ्टवेअर गुपचूप येऊन हे स्विच बंद करू नये, यासाठी ही कडी आहे. ती उघडी असेल तर ती कोणी आणि का काढली, हे विचारा.

आणखी एक खूण. कधीकधी स्विच पुसट दिसतो, दाबताच येत नाही, आणि वर इंग्रजीत लिहिलेलं असतं की ही सेटिंग तुमचा अॅडमिनिस्ट्रेटर सांभाळतो. मोठ्या कंपनीच्या लॅपटॉपवर हे साहजिक आहे. पण कॉम्प्युटर तुमचा, दुकान तुमचं, मग हा अॅडमिनिस्ट्रेटर आला कुठून? विंडोज "अॅक्टिव्हेट" करून देणारी चोरटी साधनं, विंडोज "हलकं" करणारी साधनं किंवा खुद्द स्पायवेअर, यांपैकी कोणीतरी आत येऊन धोरणच बदलून गेलेलं असतं. असं दिसलं तर स्वतः खाटखूट करू नका. डेटाचा बॅकअप घ्या आणि भरवशाच्या माणसाकडून विंडोज नव्याने टाकून घ्या.

खरी ग्यानबाची मेख: एक्स्क्लूजन्स

आता त्या मुलाने काय केलं होतं ते. रिअल-टाइम प्रोटेक्शनचा स्विच तुम्ही हाताने बंद केलात, तरी थोड्या वेळाने विंडोज तो आपणहून पुन्हा चालू करतं. म्हणजे तो बंद राहण्याची भीती फार नाही. त्याच पानावर अगदी खाली एक्स्क्लूजन्स असं लिहिलेलं आहे. तिथे दिलेली सूट मात्र कोणी हाताने काढेपर्यंत तशीच राहते. त्याची आठवण करून देणारी सूचना कुठे येत नाही, आणि पहिल्या पानावरची हिरवी खूण हिरवीच राहते.

ॲड ऑर रिमूव्ह एक्स्क्लूजन्सवर क्लिक करा. विंडोज परवानगी विचारेल, यस म्हणा. समोर यादी येईल, किंवा पान रिकामं असेल. रिकामं असेल तर उत्तम, पुढे चला. यादी असेल तर एकेक ओळ वाचा. फाइल, फोल्डर, फाइलचा प्रकार आणि प्रोसेस अशा चार तऱ्हांनी सूट देता येते. मसाल्याच्या ताईंच्या यादीत एकच ओळ होती: अख्खा डी ड्राइव्ह. डाउनलोड केलेलं सगळं तिथेच जात होतं.

कोणती सूट चालेल आणि कोणती नाही? हिशोबाचं सॉफ्टवेअर देणारे कधीकधी सांगतात, की डेटा फोल्डरला सूट द्या, नाहीतर नोंदी करताना सॉफ्टवेअर अडखळतं. हे खोटं नाही. शेकडो फाइली सतत लिहिल्या जात असतील आणि प्रत्येक वेळी तपासणी होत असेल, तर जुन्या कॉम्प्युटरवर वेग पडतो. अशा वेळी फक्त त्या एका डेटा फोल्डरला सूट दिली तर मी समजू शकतो. तीही सॉफ्टवेअर कंपनीने स्वतः लेखी सांगितली असेल तरच. पण खालच्या गोष्टी यादीत दिसल्या तर लगेच काढा:

— अख्खा ड्राइव्ह, मग तो सी असो, डी असो
— डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा टेम्प फोल्डर
— डॉट ईएक्सई हा फाइलचा प्रकार, कारण प्रोग्राम बहुतेक याच रूपात येतात
— ज्याचं नाव तुम्ही कधी ऐकलंच नाही अशी प्रोसेस

ओळीवर क्लिक केलं की रिमूव्हचं बटण येतं. काढल्याने तुमची एकही फाइल डिलीट होत नाही, फक्त सूट संपते. त्यानंतर फुल स्कॅन लावाच, कारण इतके दिवस त्या जागेत काय काय येऊन बसलंय हे कोणी बघितलेलंच नाही. फुल स्कॅनला काही तास लागू शकतात, म्हणून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी लावा.

दुसरी अशीच जागा म्हणजे अलाउड थ्रेट्स. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या पहिल्या पानावर, स्कॅनच्या बटणाजवळ ही लिंक आहे. डिफेंडरने एखादी वस्तू पकडली होती आणि कोणीतरी "असू दे" म्हणून तिला सोडून दिलं, त्यांची ही यादी. शेजारीच प्रोटेक्शन हिस्टरी आहे, म्हणजे आजवर काय काय पकडलं त्याची डायरी. ती वाचायला दहा मिनिटं द्या. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर ते मुळापासून निघालेलं नाही. अशा वेळी स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटांचं काम. आधी उघडी बिलं सेव्ह करा, हे सांगायला नकोच.

अँटीव्हायरस कधी चुकीचंही पकडतो. स्थानिक प्रोग्रामरने तुमच्यासाठी लिहिलेलं बिलिंग सॉफ्टवेअर त्याला अनोळखी वाटू शकतं. म्हणून लगेच "अलाउ" दाबू नका. व्हायरसटोटल या साइटवर ती फाइल टाकली तर अनेक कंपन्यांचे अँटीव्हायरस तिच्याबद्दल काय म्हणतात ते एकाच पानावर कळतं. तिथे प्रोग्रामची फाइल टाका, ग्राहकांची यादी किंवा बँक स्टेटमेंट कधीही टाकू नका, कारण टाकलेल्या फाइली इतर अभ्यासकांना बघता येतात.

चालतंय की नाही, तपासून घ्या

दुकानात नवा फायर अलार्म लावला तर आपण एकदा वाजवून बघतोच. अँटीव्हायरससाठीही तशी सोय आहे. ईआयसीएआर नावाची एक चाचणी फाइल आहे. आत फक्त ६८ अक्षरांची एक ओळ, अपाय शून्य, पण जगभरच्या अँटीव्हायरस कंपन्यांनी ठरवलंय की ही दिसली की आरडाओरडा करायचा. ईआयसीएआर संस्थेच्या स्वतःच्या साइटवरून ती उतरवून बघा. उतरवतानाच अडवलं गेलं तर पहारा जागा आहे. मुकाट्याने फोल्डरमध्ये येऊन बसली आणि उघडली तरी काही झालं नाही, तर वरच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा तपासा.

आणखी दोन स्विच

ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन सेटिंग्ज आहे. तिथे पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग चालू करा आणि त्याखालच्या दोन्ही चौकोनांत टिक ठेवा. फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरसोबत चिकटून येणारी टूलबारची पिलावळ यात अडते.

रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आहे. तो मुळात बंद असतो. चालू केलात तर ठरावीक फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला काही लिहिता येत नाही. चांगली गोष्ट आहे, पण महिन्याच्या ३१ तारखेला संध्याकाळी चालू करू नका. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर त्याला अनोळखी वाटलं तर बिल सेव्ह होणार नाही आणि गिऱ्हाईक समोर उभं असेल. निवांत दिवशी चालू करा, जे सॉफ्टवेअर अडलं त्याला तिथल्याच अलाउ ॲन ॲप या लिंकमधून नावानिशी परवानगी द्या. आणि बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून कपाटात. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर सगळ्यांबरोबर तीही कुलूपबंद करतं.

काउंटरवरच्या मुलासाठी वेगळं खातं

वर बघितलं की एक्स्क्लूजन बदलताना विंडोज परवानगी विचारतं. पण दुकानात सगळेच मालकाच्या खात्यावर काम करत असतील तर तो "यस" कोणीही दाबू शकतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर यूजर्स. तिथे कामगारांसाठी स्टँडर्ड यूजर तयार करा. बिल करणं, प्रिंट काढणं, मेल बघणं सगळं होतं. पहारा बदलायला मात्र तुमचा पासवर्ड लागतो. खरं सांगायचं तर तुम्ही स्वतःही रोजचं काम स्टँडर्ड खात्यावरच करावं. दुरुस्तीला आलेल्या माणसाला पासवर्ड सांगण्याऐवजी तो स्वतः टाइप करा आणि काम होईपर्यंत शेजारी बसा. तो गेल्यावर एक्स्क्लूजनचं पान उघडून बघा. दोन मिनिटं लागतात.

आणि मोबाइल?

अनेकांचा धंदा तर मोबाइलवरच चालतो. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलान किंवा बँकेचं केवायसी या नावाने डॉट एपीके फाइल येते. ती पत्रिका नसते, ॲप असतं. टाकलं आणि मागेल त्या परवानग्या दिल्या की ते तुमचे एसएमएस वाचायला लागतं, म्हणजे ओटीपीसुद्धा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर दाबा, प्ले प्रोटेक्टमध्ये जा आणि गिअरच्या खुणेत तपासणीचे स्विच चालू आहेत का बघा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल अननोन ॲप्स असं शोधा. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर परवानगी नाही असंच असायला हवं.

काही सापडलंच तर

स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारं काही निघालं, तर त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलू नका. दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदला. आधी ईमेल, मग बँक, मग जीएसटी पोर्टल, मग बाकीचे. ईमेलमध्ये "सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट" हा पर्याय वापरा, म्हणजे चोरलेली कुकी बाद होते. ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टरही बघा. तुमचे मेल दुसरीकडे वळवणारा किंवा डीलरचे उत्तर लपवणारा नियम कोणीतरी तिथे टाकून ठेवलेला असू शकतो. ताईंच्या खात्यात तो निघाला होता. म्हणूनच डीलरने मेलवर विचारलं असतं तरी त्यांना ते दिसलंच नसतं.

पैसे गेले असतील तर त्या क्षणी १९३० ला फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. आपल्या डीलरांना आणि ग्राहकांना आजच एक मेसेज टाका: आमचा खाते क्रमांक बदलला असं कुठूनही कळलं, तर आमच्या नेहमीच्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे पाठवू नका.

ही तपासणी दर महिन्याला करायची. जीएसटीआर-३बी भरली की त्याच बैठकीत एक्स्क्लूजन्स, अलाउड थ्रेट्स आणि प्रोटेक्शन हिस्टरी ही तीन पानं उघडायची. आज तुमच्या एक्स्क्लूजनच्या यादीत काय निघालं ते व्हिडिओखाली लिहा, फक्त पासवर्ड आणि खाते क्रमांक लिहू नका. पुढच्या भागात बॅकअप: किती प्रती, कुठे ठेवायच्या आणि त्या खरोखर उघडतात का ते कसं बघायचं.